रिचमंडला येताय? वंशभेदाच्या बैठकांविषयी

तुमचा प्रश्न असा: नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडला यायचंय, मुलगी सातवीत जाईल. तिथे ऑफिसात, शाळेत, चर्चमध्ये वंशभेदावर सारख्या बैठका होतात म्हणे. आपण ना काळे ना गोरे, मग त्यात पडावं का? घरभाडं आणि वाणसामानाबद्दल इतरांनी लिहिलंच आहे, मी एवढ्याचंच उत्तर देते.

पडावं. खरं तर आपण त्यात आधीपासूनच आहोत. १९२३ साली इथलं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. आपल्या लोकांसाठी दार मोठ्या प्रमाणावर उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्याला पोषक हवा तयार केली ती काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीने. 'आमचा काय संबंध' म्हणणाऱ्या देसी मंडळींना हे कुणी सांगत नाही.

आता रिचमंडबद्दल. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या बंडखोर दक्षिणेची ही राजधानी होती. शॉको बॉटम भागात माणसांचा बाजार भरायचा. आज तिथे हॉटेलं आणि पार्किंग आहे. गुलामांना ज्या वाटेने आणलं-नेलं, तिच्यावर आता माहितीफलक आहेत. आल्या आल्या एका रविवारी मुलीला घेऊन ती वाट चालून या. मॉन्युमेंट अव्हेन्यूवरचा बंडखोर सैन्याच्या जनरल लीचा १८९० चा पुतळा २०२१ मध्ये काढला. याच शहरात जन्मलेल्या काळ्या टेनिसपटूचा, आर्थर ॲशचा पुतळा मात्र १९९६ पासून तिथे उभा आहे. लहानपणी त्याला इथल्या गोऱ्यांच्या कोर्टांवर खेळायची बंदी होती. जॅक्सन वॉर्ड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती. १९५० च्या दशकात तिच्यामधूनच महामार्ग नेला आणि शेकडो घरं पाडली. त्यामुळे बैठकीत एखादी आजी 'आमचं घर त्या रस्त्याखाली गेलं' म्हणाली, तर ती अलंकारिक बोलत नसते.

बैठका सगळ्याच चांगल्या नसतात. कंपनीतल्या बहुतेक कंटाळवाण्या: स्लाइड्स, सही, संपलं. लायब्ररीत किंवा चर्चच्या तळघरात गोल खुर्च्या मांडून होतात, तिथे जा. नियम साधे असतात: स्वतःच्या अनुभवाचं बोलायचं, मधे तोडायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. याला इथे 'हीलिंग' म्हणतात, म्हणजे जखम भरून येणं. शब्द जरा गुळचट आहे, पण काम खरं आहे. १९९३ मध्ये 'होप इन द सिटीज' या गटाच्या पुढाकाराने काळे-गोरे मिळून या शहरातल्या गुलामगिरीच्या जागा पायी फिरले. पाचगणीचं 'एशिया प्लॅटो' केंद्र ज्या 'इनिशिएटिव्ज ऑफ चेंज' चळवळीचं, तिचाच हा गट.

पहिल्या एकदोन वेळी फक्त ऐका. 'आम्हीसुद्धा इंग्रजांखाली भोगलंय' हे लगेच पुढे करू नका. समोरचा आपलं दुःख मांडत असताना ती बरोबरी वाटते. नंतर तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ चं 'गुलामगिरी' गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं, हे इथे फार थोड्यांना ठाऊक असतं. मग जातीबद्दल प्रश्न येणारच. 'आता आमच्याकडे जात राहिली नाही' असं सांगून सुटू नका. सिएटलने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, ती अमेरिकेतल्याच तक्रारींमुळे.

घर शोधताना हे जास्त जवळून भिडेल. आपल्या पार्ट्यांत 'तो काळ्यांचा एरिया' हे सहज ऐकू येईल, जरा सभ्य लोक 'तिथल्या शाळा बऱ्या नाहीत' म्हणतील. एजंटला 'तिथे लोक कसे आहेत?' विचारलंत तर तो बहुधा विषय बदलेल, कारण १९६८ च्या घरांबाबतच्या कायद्याने वंश बघून गिऱ्हाईक इकडे-तिकडे वळवणं बेकायदेशीर आहे. स्वतः जाऊन बघा, शाळेत मुख्याध्यापकांना भेटा.

मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वंशाचा रकाना असतो, तिथे 'एशियन'वर खूण करा. ती घरी येऊन 'आई, आपण ब्राउन आहोत का?' विचारेल. हो म्हणा, आणि थिंडची गोष्ट तेव्हाच सांगा, सातवीतल्या मुलीला ती नीट कळते.