शैक्षणिक संशोधनासाठी विद्यार्थ्यांकडून रोजनिशी लिहून घ्यावी का? किती जणांकडून, किती दिवस?

घ्यावी. पण वह्या वाटायच्या आणि तीन आठवड्यांनी गोळा करायच्या एवढाच बेत असेल तर घेऊ नका. त्यापेक्षा प्रश्नावली छापा, मार्गदर्शकही खूश होतील.

तुम्ही लिहिलंय की एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी तीस मुलांच्या रोजनिश्या घ्यायच्या आहेत, आणि तुमच्या मॅडम ‘विश्वसनीयतेचं काय?’ म्हणून अडून बसल्यात. बारा वर्षांपूर्वी माझ्या मौखिकीत मला हेच विचारलं गेलं होतं आणि मी गप्प बसले होते. त्यामुळे थोडं लांबण लागणार आहे.

माझा विषय होता, रात्रशाळेतली मुलं अभ्यास नेमका कधी करतात. पुण्यातली एक रात्रशाळा, दहावीचा वर्ग, चोवीस मुलंमुली. अप्पा बळवंत चौकातून शंभरपानी वह्या आणल्या, दोन रात्री जागून खाकी कव्हरं घातली, आत सूचना चिकटवली: रोज झोपण्यापूर्वी लिहा, २१ दिवस. मला दर आठवड्याला वह्या बघायच्या होत्या. मार्गदर्शक सर म्हणाले, अजिबात नाही, तुम्ही मध्ये वाचलंत की मुलं तुमच्यासाठी लिहायला लागतील. मी ऐकलं.

वह्या आल्या तेव्हा एकीला वडापावचं तेल लागलेलं होतं. डाग आठ पानं झिरपलेला. जेलपेन तेलकट कागदावर उमटत नाही, त्यामुळे आठही पानांवर ओळी त्या डागाला वळसा घालून गेलेल्या. म्हणजे आधी तेल सांडलं आणि मग आठ दिवस एका बैठकीत ‘जगले’ गेले! दुसऱ्या एकाने दोन रविवारी ‘शाळेत गेलो’ लिहिलं होतं. बिचाऱ्यांचा दोष नाही. दिवसभर राबून, रात्री शाळा करून घरी गेल्यावर कोण लिहील? मी तरी लिहिलं असतं का?

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही समजू नका. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली आलेला एक अभ्यास आहे. जुनाट दुखण्याच्या रुग्णांना तीन आठवडे, दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी वेदनेची नोंद करायला सांगितलं होतं. कागदी डायऱ्यांत प्रकाश टिपणारे सेन्सर लपवलेले होते, डायरी कधी उघडली ते त्यांच्यामुळे कळायचं. डायऱ्यांतल्या तारखा-वेळा बघितल्या तर ९० टक्के नोंदी वेळेवर. सेन्सरप्रमाणे ११ टक्के.

आता माझ्या दुखऱ्या जागेकडे येते. एका मुलाच्या वहीत ११ दिवस एकच शब्द होता: ‘नेहमीचंच’. सर म्हणाले, अपूर्ण प्रतिसाद, वगळा. शाळा सुटल्यावर गेटजवळ त्याला गाठलं. तो म्हणाला, “मॅडम, नेहमीचंच म्हणजे नेहमीचंच. त्यात काय लिवायचं?” म्हटलं, ठीक आहे, काल पहाटे उठल्यापासून सांग. तो मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर कामाला, पहाटे चारला हजर. ट्रक उशिरा आला की काय करतोस, विचारलं. आधी इकडे तिकडे बघितलं, मग खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढली. आत भूगोलाचा एक धडा, पुस्तकातून फाडून चार घड्या घातलेला. ट्रक येईपर्यंत तो बटाट्याच्या पोत्यांवर बसून वाचायचा. मग हे वहीत का नाही? कारण पुस्तक शाळेचं होतं, आणि वही शाळेतच द्यायची होती!

माझ्या अख्ख्या संशोधनाचं उत्तर त्या पिशवीत होतं. ते प्रबंधात गेलं नाही. ‘मुलाखत तुमच्या आराखड्यात साधन म्हणून नाही,’ असं सर म्हणाले. तेलाच्या डागाची वही मात्र पूर्ण प्रतिसाद म्हणून टक्केवारीत आली.

नंतर, पदवी हातात पडल्यावर, कळलं की झिमरमन आणि वीडर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच ‘रोजनिशी आणि त्यावरून मुलाखत’ ही पद्धत मांडून ठेवलेली आहे. माणूस आपला दिवस लिहितो, मग तुम्ही ते पान समोर ठेवून विचारता: हे म्हणजे काय, याआधी काय झालं, हे तू लिहिलं नाहीस ते का. सरकारचं २०१९चं वेळवापर सर्वेक्षण घ्या. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशोब, पण वही कुणाच्या गळ्यात मारली नाही, माणसं घरी जाऊन विचारून आली. (त्यालाही मर्यादा आहेत, आदल्या दिवशीचं सगळं आठवतंच असं नाही.) त्यामुळे सर, तुम्ही हे वाचत असाल तर, ते गेटजवळचं बोलणं ‘गप्पा’ नव्हत्या.

बाकी तुमचे प्रश्न. तीस फार होतात, प्रत्येकाशी दोनदा बोलायला तुम्हाला वेळ मिळणार नाही. दहा-बारा घ्या. दिवस सात, फार तर दहा, त्यात एक रविवार आणि एखादी सुटी येऊ द्या. वह्या दर दोन-तीन दिवसांनी बघा. मुलं तुमच्यासाठी लिहायला लागतात हे खरंच आहे, सरांचं तेवढं बरोबर होतं, पण न बघितल्यावर ती आठ दिवसांचं एकदम लिहितात. कोरं पान टाकून देऊ नका, तारीख घालून ठेवा आणि त्याबद्दल विचारा. ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप घ्या, फक्त उतरवून काढायला कितीतरी पट वेळ धरा.

एक राहिलं, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची वही तिच्या भावाने वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं शाळेत येणं बंद झालं, आठवडाभर. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे हे टळत नाही. वही घरी ठेवायची की शाळेच्या कपाटात, हे मुलांनाच ठरवू द्या.

आणि आराखड्यात साधनांच्या रकान्यात ‘रोजनिशी’ एवढंच लिहू नका. ‘रोजनिशी व तिच्यावर आधारित मुलाखत’ असं एका ओळीत लिहून मॅडमची सही आत्ताच घ्या. नंतर घुसडता येत नाही.