ज्युरी विचारते, पावसात चालायचं कुठून?

प्रश्न : सर, मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, कॉलेज कॅम्पसचं डिझाइन केलंय, सहा बिल्डिंग, मधे लॉन, रेंडर (कॉम्प्युटरवरची चित्रं) पण मस्त आलेत, पण ज्युरीने, म्हणजे परीक्षकांनी, एवढंच विचारलं की जुलैत मुलं लायब्ररीत कशी जाणार. पुढच्या सेमला मुंबईतला टॉवर आहे, तिथे तरी काय बघू?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अगं, ज्युरीने बरोबर जागी बोट ठेवलंय! बाळकृष्ण दोशींचं आयआयएम बंगळूर बघ, दोशी मूळचे पुण्याचेच बरं का, २०१८ चा प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार, मिळाला त्यांना. तिथे खरं डिझाइन कॉरिडॉरमधे आहे, खडबडीत ग्रॅनाइटच्या भिंती आणि वर कुठे छप्पर, कुठे नुसत्या पर्गोला (उघड्या तुळयांची जाळी), कुठे सरळ आकाश, त्यामुळे चालता चालता ऊन-सावली बदलत राहते आणि पोरं वर्गाबाहेरही गप्पा मारत रेंगाळतात. तुझ्या लॉनवर दुपारी दीडला कोण बसणारे सांग.

टॉवरसाठी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा बघ, मुंबईतलाच १९८३ चा फ्लॅट्सचा टॉवर. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून, व्ह्यू तिकडचाच, पण चटके देणारं ऊन आणि पाऊसही तिकडूनच, मग कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलला आणि कोपऱ्यात डबल हाइट, म्हणजे दोन मजले उंच, टेरेस करून घर आत सरकवलं. प्लॅनपेक्षा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, बघ, तिथेच कळतं सगळं.

आणि रेंडर शेवटी कर गं, आधी सेक्शनवर पावसाची तिरपी रेघ मार आणि पाणी कुठवर आत येतं ते बघ.