बाकी नेमकी कशाची?

एका पालकांचा प्रश्न आहे: वजाबाकीच्या उत्तरालाही ‘बाकी’ आणि भागाकारात उरतं त्यालाही ‘बाकी’. मुलाचा गोंधळ होतो, तर दुसऱ्या ठिकाणी ‘शेष’ म्हणावं का?

म्हणायला हरकत नाही. ‘बाकी’ अरबीतून फारसीमार्गे आला, ‘शेष’ संस्कृतातल्या ‘शिष्’ धातूपासून. अर्थ दोन्हींचा ‘उरलेलं’ असाच. (‘निःशेष भाग जातो’ इथे मात्र बाकीचं काही चालत नाही!) आर्यभटाने तर इ. स. 499च्या सुमारास उरलेल्या संख्येला ‘अग्र’ म्हटलं आणि लगेच पुढच्या ओळीत ‘शेष’ही वापरला.

पण मी शब्द बदलणार नाही, कारण दोन्ही बाक्या एकच आहेत. 23 गोट्या चौघांत वाटायला द्या. प्रत्येक फेरीला 4 वजा होतात: 19, 15, 11, 7, 3. शेवटच्या वजाबाकीत जी बाकी, तीच भागाकाराची. ती भाजकापेक्षा लहान का, हा नियमही सांगावा लागत नाही. 4 उरल्या असत्या तर आणखी एक फेरी झालीच असती. हे हातांनी वाटून झाल्यावर मग ‘चार पंचे वीस, उरले तीन’.

खरा घोळ वेगळाच आहे. ‘जेवायचं बाकी आहे’, ‘पैसे बाकी आहेत’ यांतली बाकी म्हणजे अजून व्हायचं किंवा द्यायचं राहिलेलं. मग मुलाला वाटतं, त्या 3चं काहीतरी करायचं राहिलंय. आणि गंमत म्हणजे त्याचं अगदीच चुकत नाही! एका गाडीत चौघे, तर 23 जणांना गाड्या किती? 5 म्हटलं तर तिघे रस्त्यावर, 6 लागतात. चार-चार मण्यांच्या माळा करायच्या, तर 23 मण्यांच्या 5च होतात, 3 मणी डब्यात परत. 23 मीटर दोरीचे चार सारखे तुकडे केले, तर बाकीही वाटली जाते आणि प्रत्येक तुकडा पावणेसहा मीटरचा. गणित तेच, बाकीचं काय करायचं ते मात्र प्रश्न ठरवतो. म्हणून ‘बाकी 3’ लिहून झाल्यावर ‘3 काय?’ असं विचारा: माणसं, मणी की मीटर.

आज सोमवार, तर 23 दिवसांनी कोणता वार? इथे 7ने भागून आलेले 3 आठवडे कुणालाच नको असतात. बाकी 2, म्हणून बुधवार.