गोलावरची रेषा ‘सरळ’ की ‘वक्र’?

प्रश्न असा आला आहे: नागपुरात वर्धा रोडच्या दुमजली पुलाजवळ उभं राहून ३६० अंशांचा फोटो काढला, तर पुलाची कडा त्यात कमानीसारखी आली. कम्प्युटर व्हिजनच्या (कम्प्युटरला चित्रं ‘समजावून’ देण्याच्या शास्त्राच्या) प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तिला सरळ रेषा म्हणावं की वक्र?

दोन्ही चालतील, पण रेषा कोणत्या पृष्ठावरची ते सांगायलाच हवं. ‘वाकडी’ मात्र लिहू नका; त्या शब्दाला दोषाचा वास आहे आणि इथे दोष कशातच नाही.

शाळेच्या भूमितीमुळे ‘सरळ’ म्हणजे एक आकार, असं आपल्या मनात बसतं. पण ‘सरळ घरी ये’ किंवा ‘सरळसेवा भरती’ म्हणताना आकार कुठे असतो? आडवळण नको, एवढंच सांगायचं असतं. भूमितीलाही हाच अर्थ हवा आहे. मुंगी चेंडूवर नाकासमोर चालत राहिली, तर तिची वाट महावृत्त होते: चेंडूच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने कापलेलं वर्तुळ. गोलावरची सरळ रेषा ती हीच.

आता तुमचा फोटो. कॅमेऱ्याभोवती एक गोल कल्पा. प्रत्येक पिक्सेल म्हणजे त्यावरची एक दिशा. पुलाची कडा आणि कॅमेऱ्याचं केंद्र मिळून एक प्रतल ठरतं, ते गोलाला महावृत्तात छेदतं. म्हणून गोलावर कडा सरळच आहे. तो गोल दोनास एक प्रमाणाच्या आयतात उलगडला की कमान उमटते. कॅमेरा उभा धरला असेल, तर खांब आणि क्षितिज मात्र आयतातही सरळ राहतात, हे फोटोत जरूर ताडून पाहा.

मला खरी अडचण ‘समांतर’ची वाटते. कोणतीही दोन महावृत्तं समोरासमोरच्या दोन बिंदूंत छेदतातच. पुलाच्या दोन्ही कडांची महावृत्तंही छेदतात: एक बिंदू खापरीच्या दिशेला, दुसरा सीताबर्डीच्या. हेच त्यांचे व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे समांतर रेषा दूरवर जिथे मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू. साध्या फोटोत एका वेळी त्यातला एकच मावतो, गोलावर दोन्ही दिसतात. कम्प्युटर व्हिजनचे संशोधक स्टीफन बार्नार्ड यांनी १९८३ मध्ये व्हॅनिशिंग पॉइंट शोधायला गोलच वापरला होता. तेव्हा ‘समांतर’ हा शब्द प्रत्यक्ष पुलासाठी ठेवा. रिपोर्टमध्ये लिहा: ‘पुलाच्या समांतर कडा गोलावर एकमेकींना छेदणारी महावृत्तं होतात आणि उलगडलेल्या चित्रात वक्र दिसतात.’