व्हिडिओ कॉलवर बोलून नाकाच्या सर्जरीसाठी डॉक्टर ठरवावा का?

तुम्ही सोलापूरला, डॉक्टर पुण्या-मुंबईला. प्रत्येकाकडे जायचं म्हणजे रजा आणि गाडीभाडं, त्यामुळे व्हिडिओवर बोलूनच ठरवावं का हा प्रश्न रास्त आहे. मी पुण्यात एका प्लास्टिक सर्जनकडे अपॉइंटमेंट आणि व्हिडिओ कॉल सांभाळते. माझं मत विचाराल तर, कॉलवर डॉक्टर बाद करता येतो, पक्का करता येत नाही.

लोक नेमकं उलट करतात. जो गोड बोलतो, तुमच्याच फोटोवर नवं नाक बसवून दाखवतो, त्याच्याकडे टोकन भरून मोकळे होतात. "तपासल्याशिवाय सांगत नाही, एकदा येऊन जा" म्हणणारा मात्र यादीतून उडतो. अहो, पण नाकाची कातडी जाड की पातळ, मधला पडदा वाकडा आहे का, हे स्क्रीनवर दिसतच नाही. आमचे सर नाकाचा शेंडा बोटाने दाबून सोडतात आणि तो कसा परत येतो ते बघतात. कार्टिलेजमध्ये, म्हणजे नाकातल्या मऊ हाडात, किती दम आहे ते त्यावरून कळतं. मोबाइलवर हे कसं करणार?

त्यात सेल्फी फसवतो. 2018 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं असा हिशेब मांडला होता. म्हणून फोटो दुसऱ्या कुणाकडून, मागच्या कॅमेऱ्याने, पाच फुटांवरून काढून घ्या. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून.

कॉलवर आधी बघा, समोर कोण आहे. बऱ्याच ठिकाणी पहिला कॉल माझ्यासारखीच कुणीतरी घेते. सर्जनशी बोलायचंय असं स्पष्ट सांगा. टेलिमेडिसिन म्हणजे फोन-व्हिडिओवरून रुग्ण बघणं; त्याच्या मार्च 2020 च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनवर, वेबसाइटवर, अगदी व्हॉट्सअ‍ॅपवरही आपला नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. तो घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळा, आणि प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते बघा. "आज टोकन भरलंत तर सूट" असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

एवढं केल्यावर एखाद-दोन नावं उरतील. पैसे भरण्याआधी तेवढ्यांकडे प्रत्यक्ष जाऊन या. आणि ऑपरेशननंतर सोलापूरला परतल्यावर रात्री नाकातून रक्त आलं तर फोन कोण उचलणार, हे आधी कॉलवरच विचारून घ्या.