किल्नमधले आवाजाचे सेन्सर: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

किल्नमध्ये, म्हणजे लाकूड वाळवायच्या भट्टीत, आवाजावरून तडे ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल सध्या खूप मेसेज येतायत, आणि त्यात ऐकीव माहिती एवढी आहे की सगळ्यांना एकदाच उत्तर देतो.

प्रश्न: मिस्त्री फळीवर टकटक करतात, खणखणीत वाजली की म्हणतात वाळली. बरोबर आहे का? (सावंतवाडी)

नाही. नमुन्याचा तुकडा कापा, वजन करा, 103 अंशांवर ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, परत वजन करा, ओलावा त्यातून कळतो.

प्रश्न: किल्नमध्ये मोबाईल ठेवून तडकण्याचा आवाज रेकॉर्ड केला तर? (पुणे)

कानाला 'कट्ट' ऐकू आलं म्हणजे फळी फुटलेली आहे. त्याआधीचे बारीक आवाज पकडायला साधारण 100 ते 200 किलोहर्ट्झवाले, फळीला चिकटवायचे सेन्सर लागतात. कान आणि मोबाईल 20 किलोहर्ट्झच्या आसपास संपतात.

प्रश्न: विक्रेता म्हणतो सेन्सर बसवा, वाळवायचे दिवस निम्मे होतील. माल ऐनाच्या लाकडाच्या दोन इंची फळ्यांचा आहे. घ्यावा का? (नागपूर)

इथे सविस्तर सांगतो, कारण या 'दिवस निम्मे'च्या नादात चांगलं लाकूड वाया गेलेलं मला बघवत नाही. ओली फळी आत गेली की आधी वरचा थर सुकतो. ओलावा 25-30 टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसायला लागतं, आणि वरचा थर तिथे पोचतो तेव्हा गाभा अजून चिंब असतो, म्हणजे वरचं आवळतंय आणि आतलं जागचं हलत नाही, मग ताण सहन झाला नाही की वरून चिरा पडतात. हे सगळं सुरुवातीच्या दिवसांतच होतं. पुढे गाभा सुकला की ताण उलटतो, त्या चिरा मिटतात, फळी दिसायला एकदम स्वच्छ, पैसे देऊन माल घरी येतो, टेबल बनतं आणि पॉलिशचा पहिला हात फिरला की केसासारख्या काळ्या रेघा वर येतात. शिव्या खातो सुतार!

सेन्सरचा खरा उपयोग या सुरुवातीच्या दिवसांत. आवाजांची संख्या चढायला लागली की तापमान वाढवायचं नाही, व्हेंट (दमट हवा बाहेर जायची झडप) बंद करून आत वाफ सोडायची, आवाज उतरले की पुढे जायचं. अमेरिकेत 1980 च्या दशकात रेड ओक या तिथल्या कठीण लाकडावर हे करून पाहिलेलं आहे. पण जाड, कठीण लाकडातलं पाणी आतून बाहेर यायला जो वेळ लागतो तो लागतोच, सेन्सर तो कमी करत नाही, फक्त उगाच घाई झाली की वेळेत सांगतो.

शिवाय एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज लाकडात लवकर विरतो, म्हणून सेन्सर ज्या फळीवर चिकटवलाय फक्त तिचंच ऐकतो, चट्ट्यातल्या बाकीच्यांचं नाही. सगळ्यात रुंद आणि ओली फळी निवडून त्यावर लावावा लागतो. सगळेच आवाज चिरांचेही नसतात, पेशींमधलं पाणी तुटतानाही आवाज होतो. त्यामुळे किती आवाज म्हणजे धोका, हा आकडा प्रत्येक जातीला, प्रत्येक जाडीला वेगळा, आणि ओकचा आकडा ऐनाला लावून विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. त्याला विचारा, ऐनाची दोन इंची फळी वाळवून, मधोमध कापून दाखवतोस का. सही करण्याआधी बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेला किंवा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेला विचारा.

प्रश्न: पॅकिंगच्या लाकडावर 'एचटी' शिक्का आहे, म्हणजे किल्न ड्राय ना? (ठाणे)

अजिबात नाही, 'एचटी' म्हणजे हीट ट्रीटमेंट, किल्नमध्ये वाळवलेलं नव्हे, आणि तसं सांगून विकणारे फसवतायत. गाभ्याला 56 अंश 30 मिनिटं मिळाले, कीड मेली, एवढाच त्याचा अर्थ. फळी कापून मीटरने ओलावा मोजा.

प्रश्न: सेन्सर शेवटपर्यंत शांत होता, तरी चिरताना फळी करवतीच्या पात्यावर आवळते. असं का? (कोल्हापूर)

आवाज नाही म्हणजे ताण नाही असं होत नाही. फळीतून इंचभराचा आडवा काप काढा, मधला भाग कापून चिमट्यासारखी दोन शिंगं ठेवा. शिंगं आत वळली तर शेवटची वाफ, म्हणजे वाळवून झाल्यावर ताण काढायला देतात ती, नीट दिलेली नाही. माल परत किल्नमध्ये घालता येतो, पण तापमान आणि वेळ ऑपरेटरशी बोलून ठरवा, आणि तोवर उरलेल्या फळ्या चिरू नका.