'स्त्रीवादा'तला वाद कोणता?

दापोलीत बी.ए.ला असलेल्या एका मुलीने विचारलंय: प्रकल्पाचं नाव 'स्त्रीवादाचा इतिहास' ठेवू की 'स्त्रीमुक्तीचा'? पहिलं नाव ऐकून तिची आजी म्हणाली, "बायकांचा वाद? कोणाशी गो?"

आजीची शंका रास्त आहे. आपल्याकडे वाद म्हटला की आधी आठवतो तो बांधाचा, नाहीतर विहिरीवरच्या हक्काचा. पण मूळ धातू 'वद्', म्हणजे बोलणं. त्यातून 'वाद'ला मांडणी, सिद्धान्त हा अर्थ आला. समाजवाद, बुद्धिवाद हे शब्द तसेच घडले आणि 'फेमिनिझम'ला 'स्त्रीवाद' हा प्रतिशब्दही त्याच साच्यातला. खुद्द फेमिनिझमही काही फार जुना शब्द नाही. फ्रेंचमधून इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने 1792 साली स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं, ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना'. दोघींपैकी कोणीही स्वतःला स्त्रीवादी म्हणवलं नाही. विचार आधी, नाव मागाहून.

मधल्या काळात कोणते शब्द होते, ते बघायला दापोलीहून लांब जायला नको. जवळच्याच मुरूडचे धोंडो केशव कर्वे. 1893 साली त्यांनी देवरूखच्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. (न्यूझीलंडमध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला तोही याच वर्षी. प्रकल्पात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडून बघ.) त्याच वर्षी कर्व्यांनी संस्था काढली 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी'. 1895 साली तिचं नाव झालं 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी'. उच्चारताना दम लागतो खरा, पण फरक लक्षात घे. 'उत्तेजक' म्हणजे लग्न कर म्हणून उत्तेजन देणारी. 'प्रतिबंधनिवारक' म्हणजे वाटेतली धोंड तेवढी बाजूला करणारी. पुढे जायचं की नाही, ते बाईने ठरवावं. मला हा बदल भाषेच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. तरी कर्व्यांना सरसकट 'स्त्रीवादी' लिहू नकोस. त्यांच्या काळाचा शब्द 'सुधारक', तोच वापर.

'स्त्रीमुक्ती' जोरात आला तो 1975च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या आसपास, संघटनांच्या नावांतून आणि मोर्च्यांतून. 'मुक्ती'ला आपल्या कानात मोक्षाचा वास आहे, त्यामुळे 'घरदार सोडणाऱ्या बाया' अशी टिंगलही तेव्हा भरपूर झाली. पण तो चळवळीचा शब्द आहे. तुझ्या प्रकल्पात वुलस्टनक्राफ्टपासूनचा विचार येणार असेल तर 'स्त्रीवादाचा इतिहास'च ठेव. 1975 नंतरच्या महाराष्ट्रापुरतं लिहिणार असशील तर 'स्त्रीमुक्ती' चालेल. 'नारीवाद' हिंदीत रुळलेला आहे, मराठीत तो उपरा वाटतो.

आणि मुखपृष्ठावर 'स्त्रीयांचे' छापू नकोस. 'स्त्री' दीर्घ, पण 'स्त्रिया', 'स्त्रियांचे' ऱ्हस्व.